‘आनखी मारा’ म्हणणाऱ्या लेकराचं काय करायचं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नाव-गाव देत नाही. शाळा दोन शिक्षकी, पहिली ते चौथी, पट 38. मुख्याध्यापक पहिली-दुसरी घेतात, या बाई तिसरी-चौथी. त्यांच्याकडे 19 मुलं आहेत. तिसरीतला आठ वर्षांचा एक मुलगा इतरांना ढकलतो, चावतो, आईबहिणीवरून शिव्या देतो आणि मनात आलं की वर्गातून उठून नाल्याकडे पळतो. दिवाळीनंतर हे फार वाढलं. नोव्हेंबरात त्याने शेजारच्या मुलीच्या हातात पेन्सिलीचं टोक खुपसलं. बाईंचा तोल गेला आणि साऱ्या वर्गासमोर त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही. गाल चोळत त्यांच्याकडे बघून म्हणाला, “आनखी मारा.”

दुसऱ्या दिवशी आजी शाळेत आली. तक्रार घेऊन आली असेल म्हणून बाई धास्तावल्या होत्या. आजीने हात जोडले. “मारा जी मॅडम. हाडं आमची, चामडी तुमची. आयकतच नाई तो कोनाचं.” मुख्याध्यापक म्हणतात, धाक ठेवा, माझ्या वर्गातून आवाज येतो का बघा. शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक म्हणतात, दाखला देऊन टाका त्याचा, मोकळं व्हा. बाई विचारतात: मारल्याशिवाय असं पोर वळणावर येतं का? एकापायी बाकीच्या अठरा जणांचं नुकसान किती दिवस होऊ द्यायचं? आणि पत्राच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात: मीच कमी पडते आहे का?

ताई,

‘आनखी मारा’ हे दोन शब्द चार दिवस माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. तुम्ही त्याला उद्धटपणा म्हटलं आहे. मला तो उद्धटपणा वाटत नाही. मार ज्याला नवा असतो ते लेकरू रडतं, दचकतं, निदान खाली मान घालतं. ज्याने मार पुष्कळ खाल्लेला असतो त्याला एका थोबाडीवर भागत नाही हे माहीत असतं. पुढची कधी बसेल याची वाट बघत उभं राहण्यापेक्षा मागून घेतलेली बरी, असा त्याचा हिशेब असतो. आठ वर्षांच्या मुलाला हा हिशेब पाठ आहे, याचं मला फार वाईट वाटलं. तुम्हालाही वाटलं असणार, नाहीतर ते शब्द तुम्ही जसेच्या तसे लिहून पाठवले नसते.

कायद्याचं आधी सांगून टाकते, कारण त्यात दोन मतं नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई करतं. मारलं तर सेवानियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. कोंबडा करणं, अंगठे धरायला लावणं, उठाबशा, वर्गाबाहेर उन्हात उभं करणं, ‘ढोर आहेस’ असं साऱ्यांसमोर म्हणणं, हे सगळं त्यात आलं. आजीने हात जोडून परवानगी दिली म्हणून ते चालतं असं नाही. शाळेत मुलाच्या अंगावर हात टाकायची परवानगी आजीला देताच येत नाही. आणि दाखल्याचं म्हणाल, तर त्याच कायद्याच्या कलम 16 प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. आजीला समजावून ‘स्वखुशीने’ दाखला काढायला लावणं ही त्यातली पळवाट आहे, आणि समितीने कितीही आग्रह धरला तरी तुम्ही त्या कागदाला हात लावू नका.

पण कायदा आहे म्हणून मारू नका एवढंच सांगायचं असतं तर मी तुम्हाला दोन ओळींचं पोस्टकार्ड टाकलं असतं.

तुमच्या मुख्याध्यापकांचं वाक्य घेऊ. माझ्या वर्गातून आवाज येतो का बघा. नाही येत, मान्य. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली. पहिली दहा वर्षं माझ्या टेबलावरही बाभळीची छडी होती आणि माझाही वर्ग चिडीचूप असायचा. त्या शांततेत मुलं काय करत होती, हे मला फार उशिरा कळलं. ती माझ्या पाठीकडे बघत होती. मी फळ्याकडे वळले की चिमटे काढायची, वळून पाहिलं की हाताची घडी. माझी नजर नसताना कसं वागायचं, हे मी त्यांना एक दिवसही शिकवलं नाही. छडी होती तोवर शिस्त होती. मी रजेवर गेले की शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना माझा वर्ग आवरेना, आणि मी ते कौतुकाने सांगायची!

आणखी एक गोष्ट तुमच्या शाळेपुरती. तुमच्याकडे येणारी मुलं दोन वर्षं त्या शांत वर्गात बसून येतात. मोठ्या माणसाचं बोलणं केव्हा खरं मानायचं, तर त्याने हात उगारला की, एवढंच ती शिकून येतात. म्हणून तुम्ही हलक्या आवाजात सांगितलेलं त्यांच्या कानावरून जातं. त्यात तुमचा दोष नाही. पण यापुढे मारायचं नाही असं ठरवलंत तर पहिले दोन-तीन आठवडे गोंधळ वाढेल, हे आजच सांगून ठेवते. पुष्कळ शिक्षक इथेच हरतात. आठ दिवस गोडीने वागून बघतात, पोरं डोक्यावर बसतात, मग ‘आपल्याकडच्या पोरांना हे जमत नाही’ म्हणून पुन्हा छडी काढतात.

आता त्या मुलाकडे येऊ. ‘तो मुद्दाम करतो’ असं तुम्ही पत्रात चार वेळा लिहिलं आहे. पण त्याच पत्रात तुम्ही ओझरत्या लिहिलेल्या तीन गोष्टी आहेत, त्या तुम्ही पुन्हा वाचाव्यात असं मला वाटतं. एक, ‘खिचडी झाल्यावर दुपारी तो जरा बरा असतो.’ दोन, ‘तोंडी गणित विचारलं तर सगळ्यांच्या आधी उत्तर देतो, पण वही उघड म्हटलं की भांडण काढतो.’ तीन, हे सगळं दिवाळीनंतर वाढलं. शिवाय एक गोष्ट पत्रात नाहीच: आई-वडील. आजीच आहे सगळीकडे.

दिवाळीनंतर तुमच्या भागात कापसाची वेचणी ऐन भरात येते. वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे बाया पहाटेच घराबाहेर पडतात. जितकं लवकर जाल तितका कापूस जास्त. घरी उरतं ते रात्रीचं शिळं, आणि तेही मोठ्या भावंडाने वाढलं तर. साडेदहाला परिपाठाला हात जोडून उभं असलेलं लेकरू कालच्या संध्याकाळनंतर जेवलेलंच नसेल तर ते दुपारच्या खिचडीपर्यंत कसं निभावणार? एखादं पेंगतं, एखादं चावतं. मी असं म्हणत नाही की हेच कारण आहे. आई-वडील वीटभट्टीवर गेले असतील, घरात आणखी काही चालू असेल. पण हे तपासून पाहायला तुम्हाला फार तर दोन आठवडे लागतील.

कसं तपासायचं ते सांगते. शंभर पानी वही घ्या आणि दहा शाळेचे दिवस तिच्यात फक्त चार गोष्टी लिहा: किती वाजता झालं, त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तो नाल्याकडे पळाला की तुम्ही चौथीतले दोन पोरं त्याच्यामागे धाडता आणि सगळा वर्ग खिडकीशी गोळा होतो, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे पळाल्याने त्याचं लिहिणं चुकलं आणि वर सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. मारामारी केली की तुम्ही त्याला बाहेर काढता. तिथेही लिहिणं चुकलं. जे मूल वाचू शकत नाही, फळ्यावरचं उतरवू शकत नाही, त्याला ‘वही उघड’ हे शब्द साऱ्यांसमोर अब्रू घालवणारे वाटतात. बावळट ठरण्यापेक्षा वांड ठरलेलं त्याला परवडतं.

अशी वही मी पहिल्यांदा केली ती एका मुलीसाठी. ती दुसऱ्यांच्या वह्या फाडायची. का फाडलीस, हे तिला मी किती वेळा विचारलं असेल याची गणती नाही. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहायची. तिला सांगताच येत नव्हतं. वहीने सांगितलं. दहा दिवसांतल्या पाच वह्यांपैकी चार मंगळवारी फाटल्या होत्या. गावचा बाजार सोमवारी भरायचा, आणि बाजाराच्या रात्री तिचा बाप पिऊन यायचा. त्याचं पिणं मी थांबवू शकले नाही. मी एवढंच केलं की मंगळवारी पहिला तास वर्गात लिहायचं काढायचं नाही, गोष्ट सांगायची. आणि ती आली की तिला माझ्याजवळ बसवून हजेरीच्या वेळी मुलं मोजायला लावायची. वह्या फाटणं महिनाभरात थांबलं नाही, पण कमी झालं. पुढच्या वर्षी ती विसरूनही गेली.

तुमच्या वहीत सकाळच्याच नोंदी जास्त निघाल्या, तर परिपाठानंतर मूठभर फुटाणे-गूळ किंवा शेंगदाणे द्यायची सोय करा. पण सगळ्या मुलांना. एकट्याला दिलंत तर सुट्टीत त्याला ‘भुक्कड’ म्हणणारे निघतील आणि त्यावरून नवी मारामारी होईल. खिचडी शिजवणाऱ्या ताई बहुधा गावातल्याच असतात, कोणाच्या घरी सकाळी चूल पेटली नाही हे त्यांना तुमच्या-माझ्याआधी माहीत असतं. त्यांना विचारा.

नोंदी लिहिण्याच्या वेळच्याच निघाल्या, तर आधी त्याचे डोळे तपासून घ्या. तोंडी गणितात हुशार आणि वहीत शून्य, हे ऐकलं की मला पहिली शंका डोळ्यांची येते, दुसरी वाचनाची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्याचं नाव आधीच लिहून ठेवा आणि मुद्दाम सांगा, नाहीतर ओळीत उभं करून वजन-उंची होते आणि पथक पुढच्या गावी जातं. कानही बघायला सांगा. गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना केंद्रप्रमुखांमार्फत बोलवा, आणि तोंडी विनंती न करता लेखी करा. दरम्यान, तिसरीचा धडा उतरवायला त्याला सांगू नका. तो आज जिथे आहे तिथलं द्या: पाच शब्द, त्याच्याच बोलीतले. तिफन, सरकी, गोऱ्हा. ‘बैल’ लिहिता आलं की ‘बैलबंडी’ लिहायला किती वेळ लागतो?

बोलीवरून आठवलं. त्याच्या शिव्यांपैकी खऱ्या शिव्या किती आणि घरचं रोजचं बोलणं किती, हे जरा निवडून बघा. ‘काहून बे’ म्हणणारं लेकरू आपल्या घरी बोलतात तसंच बोलत असतं. त्या ‘बे’ वर तुम्ही रागावलात तर त्याला काय चुकलं हे कळत नाही, एवढंच कळतं की माझ्या घरचं बोलणं या बाईला आवडत नाही. आईबहिणीवरून दिलेली शिवी मात्र शिवी आहे, तिथे सूट नको.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण माझ्या सगळ्या शिकवण्यात तिने मोठा फरक पाडला. पोळ्याच्या आदला दिवस होता. तुम्हाला माहीत आहे, त्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून त्यांना आमंत्रण देतात. माझ्या वर्गात असाच एक पोरगा होता, दहा मिनिटं बुड न टेकणारा. त्या दिवशी मुलांचं लक्ष लागेना म्हणून मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, तुमच्या घरी कोणते बैल आहेत? हा उभा राहिला. घरच्या नव्या गोऱ्ह्याबद्दल तो पंधरा मिनिटं बोलला. एका जागी उभा राहून. त्याला जुंपायला कसं शिकवतात, हे मी विचारलं. तो म्हणाला, “पयले दिवस नांगर नाई देत मॅडम, नुसतं जू देतेत. अन् जोडीले म्हातारा बैल देतेत. तो सरका चालते, मंग याले बी चालाच लागते.” आणि ऐकला नाही तर मारतात का? माझ्याकडे त्याने अशा नजरेने पाहिलं, की एवढंही ठाऊक नाही तुम्हाला. “पयल्याच दिवशी मारलं तं तो बिचकते. मंग जू दिसलं का पयते.”

माझ्या टेबलावर छडी पडलेली होती. ती मी त्या दिवशी कपाटात ठेवली आणि पुन्हा काढली नाही.

त्याने जे सांगितलं तेच मी तुम्हाला सांगते आहे. नुसतं जू: म्हणजे आज त्याच्याकडून दहा मिनिटं बसण्याची अपेक्षा करा, चाळीस मिनिटांची नको. दहा मिनिटं झाली की त्याने उठून सगळ्यांसाठी पाणी भरायचं, फळा पुसायचा, परसबागेतल्या वाफ्याला पाणी द्यायचं आणि परत यायचं. ही कामं बक्षीस म्हणून देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका. कालचं वागणं काहीही असो, आजचं पाणी तोच भरणार. आपल्याच वर्ध्यात 1937 साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि मुलाच्या हाताला काम देऊन त्या कामातून शिकवायचं असा विचार मांडला. त्याला आता किती वर्षं झाली! पण आपल्याकडे अजूनही शहाणं मूल म्हणजे हाताची घडी तोंडावर बोट.

जोडीला म्हातारा बैल: तुमच्या चौथीत एखादी शांत, न घाबरणारी, स्वतःच्या नादात अभ्यास करणारी मुलगी किंवा मुलगा असेल. त्याच्या शेजारी याला बसवा. राखण करायला नको, तक्रारी सांगायला तर मुळीच नको. त्या मुलाला आधी विचारा, त्याच्या घरी सांगा, आणि आठवड्याने त्याला त्रास होतो आहे का हे पुन्हा विचारा. होत असेल तर जोडी सोडा. वर्गनायकाने फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती मात्र आजच बंद करा. ज्याचं नाव रोज फळ्यावर असतं, त्याला त्या नावाची सवय होते.

प्रत्यक्ष मारामारी चालू असताना काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहा. आवाज चढवू नका, उलट खाली आणा. एकच वाक्य बोला: “हात खाली. इकडे ये.” का केलंस, कोणी सुरुवात केली, तुला किती वेळा सांगितलं, हे त्या क्षणी नको, तापलेल्या डोक्यात ते शिरत नाही. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा. हे फार महत्त्वाचं आहे. आपण मारणाऱ्यावर ओरडत बसतो आणि ज्याला लागलं ते लेकरू कोपऱ्यात एकटंच रडत राहतं. त्याची जखम धुवा, त्याला जवळ बसवा. मारणाऱ्याला त्याच वर्गात पण बाजूला, ठरलेल्या एका जागी बसवा, माठाजवळ म्हणा. तो शांत झाला की, म्हणजे बहुधा सुट्टीत, मग बोला. आणि मग भरपाई: वही फाडली तर त्याने डिंकाने चिकटवायची, पाणी सांडलं तर पुसायचं, कोणाला लागलं तर संध्याकाळी घरी जाताना त्याचं दप्तर वाहायचं, अर्थात त्या मुलाला चालत असेल तरच. ‘सॉरी म्हण’ म्हणून वदवून घेण्यात काही अर्थ नाही.

आणि हे दर वेळी असंच. तुमचा मूड चांगला असो वा नसो, केंद्रावर माहिती पाठवायची घाई असो वा नसो. ज्या लेकराला संध्याकाळी घरी काय वाढून ठेवलं आहे हे सांगता येत नाही, त्याला दिवसातले सहा तास तरी पुढे काय होणार हे आधी कळायला हवं. मी हे केलं तर बाई हे करतील, ते केलं तर ते करतील, आणि मारणार नाहीत. शिस्त म्हणून मला जे कळलं आहे ते एवढंच आहे. मारणाऱ्या माणसाचा कधी भरवसा वाटत नाही. तो कालच्याच चुकीवर आज हसतो आणि उद्या कानशिलात देतो.

यासाठी मुख्याध्यापकांना सोबत घ्यावं लागेल. दोन खोल्यांच्या शाळेत दोन कायदे असले तर पोरं ते पहिल्या दिवशी ओळखतात. मुलांसमोर त्यांच्याशी वाद घालू नका. कलम 17 त्यांच्या तोंडावर फेकू नका. दहा दिवसांची वही दाखवा आणि म्हणा, गुरुजी, एक महिना या एका पोराला कोणीही हात लावायचा नाही, एवढं माझ्यासाठी करा. महिनाभर कबूल करतील, पुष्कळ जण करतात.

घरी जा, पण तक्रार घेऊन जाऊ नका. गेल्या दोन वर्षांत त्या आजीला शाळेतून चांगला निरोप एकदा तरी गेला असेल का? वेचणीवरून माणसं परततात त्या वेळेला जा, ओट्यावर बसा, चहा दिला तर घ्या, आणि पहिलं वाक्य असं असू द्या: “तोंडी हिशेबात तुमचा नातू सगळ्यांच्या पुढे आहे.” ते खरंच आहे, तुम्हीच लिहिलं आहे. मग विचारा, सकाळी काय खातो, कोणाजवळ निजतो, आई-बाप कुठे असतात, रात्री झोप लागते का. आजी पुन्हा म्हणेल, मारा जी. तेव्हा सांगा, “मी मारणार नाही आजी, पण त्याला सोडणारही नाही. तुम्हीही महिनाभर मारू नका.” अंगावर वळ दिसले, लेकरू काही भयंकर सांगून गेलं, तर मात्र एकट्याने मनात ठेवू नका. 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

समितीतल्या त्या दोन पालकांना वाईट समजू नका. ज्या मुलीच्या हातात पेन्सिल घुसली, तिच्या आईने गप्प बसावं असं मीही म्हणणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात ते यासाठीच. त्यांना तुम्ही काय-काय करणार आहात ते सांगा: बसायची जागा बदलली, सुट्टीत मी स्वतः मैदानात उभी राहते, महिन्याने पुन्हा बसू. पण त्या मुलाच्या घरचं जे तुम्हाला कळेल, ते त्या बैठकीत एका शब्दानेही काढू नका.

एक प्रश्न मात्र स्वतःला विचारून बघा, मला उत्तर कळवायची गरज नाही. हेच वागणं पाटलाच्या पोराने केलं असतं तर समितीत दाखल्याची भाषा निघाली असती का? पारध्यांच्या बेड्यावरचं, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचं, कोलामांच्या पोडावरचं पोर म्हटलं की हरवलेली पेन्सिलसुद्धा त्याच्याच नावावर जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमचा मुलगा कोणत्या घरचा ते तुम्ही लिहिलं नाही. असं काही असेल तर त्याच्या रागात त्याचाही वाटा आहे, आणि तो राग खोटा नाही.

तुम्ही कमी पडता का? दोन इयत्ता, 19 मुलं, वर कागदपत्रं, आणि शेजारच्या खोलीतली ती शांतता. थकलेल्या माणसाचा हात लवकर उठतो. मारल्यावर पश्चात्ताप होऊन ज्या बाईने तीन पानं लिहिली, तिला मी कमी पडलेली म्हणणार नाही. पण एक देणं बाकी आहे, ते तुम्हालाच चुकतं करावं लागेल. त्याला सगळ्यांसमोर मारलं, तेव्हा माफीही सगळ्यांसमोर मागावी लागेल. परिपाठाला नको, तिथे ते भाषण होतं. वर्गात, हजेरी झाल्यावर, त्याच्याजवळ जाऊन. “त्या दिवशी तू पेन्सिल टोचलीस ते चुकलं. मी तुला मारलं, तेही चुकलं. मी पुन्हा मारणार नाही.” मुख्याध्यापक म्हणतील, यानं मान जाईल. तो धोका आहे, खरंच आहे. एखादा पोरगा हसेल, गावात कोणी तरी नाव ठेवेल. तरी मी तुमच्या जागी असते तर मागितली असती, कारण त्या खोलीतल्या इतर अठरा मुलांनीही ती थोबाडीत पाहिली आहे, आणि मोठं माणूस चुकलं की काय करतं हे त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांत तो तुमची परीक्षा घेईल. मुद्दाम काही तरी करेल, तुमच्या डोळ्यांत बघून, आणि कदाचित पुन्हा म्हणेल, “आता मारा ना.” त्या वेळी घाई करू नका. हात मागे बांधा लागल्यास. “नाही मारणार. माठाजवळ बस, पाणी पी. मी सुट्टीत येते,” असं म्हणा, आणि सुट्टीत खरोखर जा.